मुळातून वाचणारी

"तसं नाही हो ते."

हे म्हणायच्या आधी त्या बाई उघड्या पानावर तळहात ठेवायच्या. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायच्या, आणि डोळे उघडून अगदी अपराधी चेहऱ्यानं समोरच्याला सांगायच्या, "तसं नाही हो ते."

चूक दाखवणारा माणूस उर्मट असला तर बरं असतं, हे तुम्हीही अनुभवलं असेल. त्याच्यावर रागावता येतं. या बाई दुसऱ्याची चूक दाखवताना स्वतःच ओशाळायच्या, त्यामुळे रागावायची सोयच राहायची नाही. उरायचा तो नुसता मत्सर. तो मी सहा वर्षं नीट सांभाळला.

आमची पहिली भेट मुलुंड पूर्वेच्या वाचनालयात झाली. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. त्या काळातच अनुवादाला लागले आणि निवृत्त होईपर्यंत माझी अकरा पुस्तकं झाली होती. बारावं चालू होतं. कोरियातल्या लेखिकांच्या सात कथा. अर्थात इंग्रजीवरून. मला कोरियन येत नव्हतं, आणि ते कुणाला येत असेल असंही कधी मनात आलं नव्हतं. वाचनालयाच्या मंडळींनी त्यातली एक कथा वाचायला बोलावलं. वीसपंचवीस माणसं होती, त्यातली निम्मी माझे माजी विद्यार्थी.

कथा एका सुनेची होती. पितरांच्या जेवणासाठी ती दोन दिवस राबते, आणि नमस्काराच्या वेळी तिला स्वयंपाकघरात थांबायला सांगतात, कारण पितरांपुढे वाकायचं ते पुरुषांनी. माझं वाचन बरं असतं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून एक साठीच्या बाई उठल्या. फिकट पोपटी साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून मेथीची पानं डोकावत होती.

"तुम्ही 'माझी सासू', 'माझं घर' असं वाचलंत," त्या म्हणाल्या. "तसं नाही हो ते. 'आमची सासू', 'आमचं घर' असं आहे."

मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, "मूळ मजकूर माझ्या हातात आहे. त्यात 'माय'च आहे."

"ते इंग्रजीत. मुळात 'उरी' आहे. उरी म्हणजे आमचं. ती माणसं आपल्यासारखीच बोलतात. आमची आई, आमचं घर, आमचे हे."

'आमचे हे'वर सगळं वाचनालय हसलं. मीही हसले, न हसून करते काय.

"तुम्हाला कोरियन येतं?"

"थोडं. वाचण्यापुरतं."

वाचण्यापुरतं! अकरा पुस्तकांच्या अकरा प्रस्तावनांत मी हळहळले होते, की अनुवादकाला मुळापर्यंत जाता आलं तर काय बहार होईल. आणि ही मेथीवाली बाई तिथपर्यंत जाऊन, चप्पल काढून, आत बसून आली होती.

त्यांची कहाणी मला हळूहळू कळली. जन्म भांडुपच्या चाळीतला, गाव मालवणकडचं, वडील गिरणीत. बारावीनंतर टायपिंग शिकून त्या अंधेरीच्या एमआयडीसीत एका कोरियन कंपनीच्या ऑफिसात लागल्या. यंत्रांचे सुटे भाग विकणारी कंपनी. फोन घ्या, पत्रं टाइप करा, पाहुण्यांना पाणी द्या, सगळं यांच्याकडे. नवरा लवकर गेला, एक मुलगी. साहेबांची बायको कोरियाहून आली तेव्हा तिला ना हिंदी येत होतं ना धड इंग्रजी. साहेबांनी यांना सांगितलं, जरा बाजारहाट दाखवा. तिला मासे हवे होते म्हणून यांनी तिला वर्सोव्याला नेलं.

"तिथे जवळा वाळत घातला होता," त्या मला सांगत होत्या. "वास आला आणि ती तिथेच मातीत बसली नि रडायला लागली. भारी ड्रेस होता हो अंगावर! मी घाबरले. म्हटलं, साहेब आता नोकरीवरनं काढतात. मग तिनं खुणेनं सांगितलं, तिची आई पण गावाला मासळी सुकवते. मग काय, मी पण बसले बाजूला."

दुसऱ्या दिवशी त्या बाईनं यांना पहिलं अक्षर शिकवलं. आणि सांगितलं, मला मॅडम म्हणू नकोस, ऑन्नी म्हण. ऑन्नी म्हणजे बाईनं थोरल्या बहिणीला मारायची हाक. पुरुषांना तो शब्द वापरता येत नाही. नऊ वर्षं यांनी त्या बाईला ऑन्नी म्हटलं. साहेबांची बदली झाली तेव्हा ऑन्नीनं पुस्तकांनी भरलेलं एक खोकं यांच्या घरी आणून ठेवलं. सगळी बायकांनी लिहिलेली. म्हणाली, नवऱ्याची पुस्तकं जहाजानं जातील, ही तुझ्याकडे राहू देत.

आता बघा, माझ्या घरात चार कपाटं पुस्तकं आहेत. पण असं खोकं मला कुणी दिलं नाही.

माझ्या संपादकांना मी हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. ते गंभीर झाले. म्हणाले, "मग त्या बाईंना बाकीच्या कथा मुळाशी ताडून बघायला सांगा की." मी काय म्हणणार? खोक्यातली मूळ पुस्तकं घेऊन त्या दर शुक्रवारी दुपारी माझ्याकडे यायला लागल्या. मला त्या 'बाई' म्हणायच्या, मी शाळेतली म्हणून. मी त्यांना काहीच म्हणत नसे. 'अहो'वर भागवायचे.

एका कथेत दोन बहिणी बारा वर्षांनी भेटतात. माझ्या अनुवादात थोरली विचारते, "कशी आहेस?" पानावर तळहात पडला. "तसं नाही हो ते. ती विचारते, जेवलीस का?"

"बारा वर्षांनी भेटल्यावर?"

"मग? आमची आजी तेच विचारायची. जेवलंस काय गो? पुढचं सगळं त्यातच आलं."

"फार बोलीपणा होतो हो," मी म्हटलं. हा माझा शब्द. 'ग्राम्य' म्हणायचं जिवावर येई तेव्हा मी बोलीपणा म्हणत असे. पण त्या गेल्यावर मी 'कशी आहेस' खोडलं आणि 'जेवलीस?' लिहिलं. आणि परत वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, याचाही मला राग आला.

असं किती सांगू? मी लिहिलं होतं, 'तिचं लग्न झालं.' त्या म्हणाल्या, मुळात 'ती सासरी गेली' असं आहे. मी एका पात्राला नाव दिलं होतं, कारण इंग्रजीत होतं. त्या म्हणाल्या, कोरियन गोष्टीत शेजारणी तिला नावानं हाक मारतच नाहीत, 'अमक्याची आई' म्हणतात, आणि अख्ख्या गोष्टीत ती बाई आपलं स्वतःचं नाव शोधतेय. "तुम्ही पहिल्याच पानावर नाव देऊन टाकलंत," त्या म्हणाल्या, "मग तिनं शोधायचं काय?"

मी चहा टाकायला आत गेले आणि गॅससमोर बराच वेळ उभी राहिले.

त्या काळात मी गुपचूप कोरियन शिकायचं पुस्तक मागवलं होतं. सातव्या अक्षरापुढे गाडी जाईना. ते मी तांदळाच्या डब्यामागे ठेवत असे. एकदा त्या कप विसळायला ओट्याशी गेल्या, कारण आपला कप त्या कधी मागे ठेवायच्या नाहीत, आणि तिथे त्यांना ते दिसलं. "छान पुस्तक आहे," एवढंच म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी त्यांनी माझ्यासाठी मोठ्या अक्षरात एक तक्ता काढून आणला. प्रत्येक अक्षराखाली देवनागरी उच्चार. मी आभार मानले आणि तोही डब्यामागे सारला.

पुस्तक आलं. चांगलं गाजलं. एका परीक्षणात म्हटलं होतं, 'अनुवाद थेट मुळातून केल्यासारखा वाटतो.' ते कात्रण मी तीन वेळा वाचलं. प्रस्तावनेत मी लिहिलं होतं, 'काही शब्दांच्या अर्थासाठी एका स्नेह्यांचं साहाय्य झालं.' नाव लिहायचं राहिलं असं मी स्वतःला सांगत होते. राहिलं नव्हतं. पहिल्या खर्ड्यात होतं, दुसऱ्यात मी काढलं.

त्या अभिनंदनाला आल्या, मालवणचं खाजं घेऊन. पुस्तक हातात घेतलं, उघडलं. प्रस्तावनेच्या पानावर तळहात ठेवला. मी वाट बघत होते. आता म्हणतील, आता म्हणतील.

"छपाई सुबक आहे," त्या म्हणाल्या.

वर्षभरानं संपादकांनी मला तीन दोनशेपानी वह्या पाठवल्या. खोक्यातल्या एका कादंबरीचा या बाईंनी स्वतः, मुळातून, अनुवाद केला होता. संपादकांना माझा अभिप्राय हवा होता. अभिप्राय कुणाचा ते त्या बाईंना कळणार नाही, असंही त्यांनी सांगितलं होतं.

सकाळी अकराला वाचायला बसले. पहिलंच वाक्य होतं, 'होडीत पाच होते, त्यातले दोन आमचे.' सासू आणि सून, एकाच होडीनं दोघींचे नवरे नेलेले. सासूनं सुनेशी अबोला धरलाय. दोघी शेजारी बसून मासे कापतात, मीठ भरतात, सुकवतात. चूल एकच. सासू रोज तिन्हीसांजेला भिंतीकडे तोंड करून विचारते, "जेवलंस?" आणि सून भिंतीलाच उत्तर देते, "होय." अशी अकरा वर्षं. यांनी निवेदन साध्या मराठीत ठेवलं होतं, आणि त्या दोघींचं बोलणं मालवणीत. मला पुसटसुद्धा वाटलं नाही की मी अनुवाद वाचतेय. कामवाली बेल वाजवून वाजवून निघून गेली. पाचला शेवटचं पान संपलं तेव्हा मी सकाळपासून पाणीही प्यायले नव्हते.

बारा पुस्तकांत मला असं एक पान जमलं नव्हतं. हे मला जितकं स्वच्छ कळलं, तितकं आयुष्यात दुसरं काही कळलं नसेल.

मग मी अर्ध्या पानाचा अभिप्राय लिहिला. 'कष्ट प्रामाणिक आहेत, मात्र काम हौशी वाटते. भाषेत अनाठायी बोलीपणा आहे. कोरियाचा किनारा वाचकाला कोकणासारखा वाटू लागतो.' शेवटचं वाक्य तर सोळा आणे खरं होतं. तो गुण होता, मी तो दोषांत लिहिला. पाकीट चिकटवताना मन खात होतं असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण नव्हतं खात.

पंधरा दिवसांनी, शुक्रवार नसताना, त्या आल्या. हातात प्रकाशकांचं पत्र.

"नाही म्हणालेत. हौशी आहे म्हणे."

"हल्ली ते फार निवडक छापतात," मी म्हटलं.

"हौशी म्हणजे कमी का हो? हौसेनंच तर केलं." त्या थोडं हसल्या. मग पत्र माझ्यापुढे धरून एका शब्दावर बोट ठेवलं. तळहात नव्हे, बोट. "हा 'बोलीपणा' शब्द मी फक्त तुमच्या तोंडून ऐकलाय, बाई."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सारला. मुळातून वाचणाऱ्या बाई त्या. शब्द कुठल्या घरातून आलाय हे त्यांना कळणार नाही, असं मला वाटलंच कसं?

त्यांनी पत्राची घडी केली, चहा संपवला, कप विसळून पालथा घातला. दारात चपला घातल्या. आपल्याकडे निघताना 'येते' म्हणतात. त्याही दर शुक्रवारी तेच म्हणायच्या.

"जाते," त्या म्हणाल्या.

पुढचे आठनऊ महिने शुक्रवारची दुपार मोकळी होती. कुणी चूक दाखवायला नव्हतं, तर मला सुखात असायला हवं होतं. वाचनालयातल्या बाईंकडून उडत उडत कळलं, की त्या दर बुधवारी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जातात आणि तिथल्या बायकांना कसलीतरी कादंबरी वाचून दाखवतात. कसलीतरी! मला कसली ते माहीत होतं.

एका बुधवारी मी घाटकोपरहून मेट्रो धरली. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. पश्चात्ताप वगैरे म्हणायला छान आहे. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं, की तिथे कुणी खरंच ऐकतं का.

ऐकत होत्या. होड्यांच्या सावलीत दहाबारा कोळणी. कुणी जाळं विणतंय, कुणी जवळ्यातला कचरा निवडतंय, एकीच्या मांडीवर नात झोपलेली. मधे प्लास्टिकच्या खुर्चीवर या, चष्मा नाकावर. भिंतीकडे तोंड करून विचारायचा तो प्रसंग आला. यांनी मान वळवली, समुद्राकडे बघून म्हटलं, "जेवलंस?" आणि सगळ्या बायकांनी, कुणी न सांगता, एकदम म्हटलं, "होय." एक म्हातारी पदरात तोंड घालून रडत होती. तिच्या शेजारची तिला हसत हसत म्हणाली, "अगं, ती कोरियाची हाय, तुझी सून नाय!"

माझ्या पुस्तकांची परीक्षणं आली आहेत. माझी पुस्तकं वाचून पदरात तोंड घालून कुणी रडलेलं नाही. मी होडीला टेकून उभी होते आणि मत्सरानं माझे पाय खरोखर दुखायला लागले होते.

वाचन संपल्यावर त्यांनी मला पाहिलं. दचकल्या नाहीत.

"आलात? उन्हात का उभ्या?"

"तो अभिप्राय मी..."

"ठाऊक आहे ते. ऊन उतरायच्या आत जवळा हलवायचाय. हात लावा."

मी कडक इस्त्रीची सुती साडी नेसले होते. खोचली, आणि तिथे उकिडवी बसून जवळा हलवला. मला नीट येत नव्हतं. ती म्हातारी म्हणाली, "बाय, आख्खा हात घाल, किती जपतेस?" या हसल्या. माफ केलं असं मात्र म्हणाल्या नाहीत, आणि मीही तो विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना फोन केला. म्हटलं, तो अभिप्राय खोटा होता, मी मत्सरानं लिहिला होता. त्यांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "वह्या परत मागवतो. पण तुम्हाला यापुढे अभिप्रायाला काही पाठवणार नाही." ते रास्तच होतं.

कादंबरी छापायचं ठरलं. आणि एके दिवशी तिची प्रुफं माझ्या दारात आली. सोबत संपादकांची चिठ्ठी होती. अनुवादिका म्हणाल्या होत्या, 'प्रुफं त्या बाईंनाच द्या. त्यांचं शुद्धलेखन चांगलं आहे.'

हा टोमणा होता की विश्वास, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तुम्हाला काय वाटतं? मी त्या तीनशे पानांतल्या फक्त वेलांट्या आणि उकार दुरुस्त केले. एका ठिकाणी एक 'गो' मला जास्तीचा वाटला. खोडला. तासाभरानं त्याखाली टिंबं देऊन बाजूला लिहिलं, 'आहे तसंच ठेवा.' बाकी एका शब्दाला हात लावला नाही. शाळेत आणि घरात मिळून इतका संयम मी कधी पाळला नव्हता.

मुखपृष्ठावर त्यांचं नाव मूळ लेखिकेच्या नावाइतक्याच टाइपात आहे. तशी अट त्यांनी घातली होती म्हणे. प्रस्तावना नाही. प्रत मला टपालानं आली, आत काही लिहिलेलं नव्हतं.

त्यांची इमारत पाडून नवी बांधायला काढली तेव्हा त्या मुलीकडे वेंगुर्ल्याला गेल्या. खोकं बरोबर घेऊन. जाताना भेटल्या नाहीत. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाल्याचं ऐकलं तेव्हा, आमच्यात इतकं घडलेलं असूनही, मी आधी माझ्या किती पुस्तकांची दुसरी आवृत्ती निघाली ते मोजलं. स्वभावाला औषध नाही.

परवा मात्र धीर करून फोन लावला. मुलीनं उचलला.

"आई वाचतेय हो. शेजारच्या बायका जमल्यात. खोक्यातलं नवीन पुस्तक काढलंय तिनं. उठवू का?"

"नको, नको. चालू दे."

"मग मी नंतर सांगते तिला," मुलगी म्हणाली. पण आत काहीतरी उतू गेलं असावं. फोन तसाच कुठेतरी ठेवून ती धावली.

लांबून त्यांचा आवाज येत होता. गोष्टीतली कुणी एक मुलगी पहिल्यांदाच एकटी बसमध्ये बसली होती, आणि तिकीट कुठलं काढायचं हे तिनं अजून ठरवलं नव्हतं. मधेच कुणीतरी खोकलं. पुढचं ऐकायला अधीर होऊन कुणीतरी म्हणालं, "मगे?"

मी खुर्ची ओढून घेतली आणि फोन कानाशी घट्ट धरून बसले. जिनं 'मगे' म्हटलं, जी तिथे त्यांच्या पायाशी बसून ऐकत होती, तिचा मला फार, फार हेवा वाटला.